मगनची बोट: सूरहून मांडवीला निघालेला एक प्रवास

हे प्रकरण ओमानमधल्या २००५ सालच्या एका प्रयोगाचं आहे. कांस्ययुगातली समुद्रात जाणारी बोरूची बोट पुन्हा बांधून ती ओमानच्या सूर बंदरातून भारतात न्यायची, असं ठरलं होतं. ती पोचली नाही. प्रयोगातल्या माणसांची नावं इथे मुद्दाम गाळली आहेत. कोणापुढे कोणता पर्याय कधी आला आणि त्यातून काय निघालं, तेवढंच बघायचं आहे.

पार्श्वभूमी

रास अल-जिन्झ हे अरबी द्वीपकल्पाचं अगदी पूर्वेकडचं टोक. आज तिथे लोक जातात ते रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर चढणारी हिरवी कासवं बघायला. त्याच किनाऱ्याला लागून साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक वस्ती आहे. १९८० च्या दशकात इटालियन आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा कच्च्या विटांच्या खोल्यांमधून डांबराचे काळे, ठिसूळ तुकडे निघू लागले. ते तीनशेहून अधिक भरले.

असा एक तुकडा जवळून पाहण्यासारखा असतो. एका बाजूला बारीक, समांतर खाचा दिसतात. तो बोरूच्या जुडीचा ठसा. त्या खाचांना आडवा जाणारा पीळ दिसतो, तो जुडी आवळणाऱ्या दोराचा. दोर कुजून गेला, बोरू माती झाला, पण पिळाची दिशासुद्धा डांबरात उमटून राहिली. तुकडा उलटा केला की काहींच्या पाठीवर बार्नॅकल सापडतात, तळाला चिकटून वाढणारे ते खरखरीत पांढरे जीव. होडी वाळूत ओढून तळ खरवडणाऱ्या कोकणातल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत. तेव्हा हे डांबर छपराचं नव्हे, टोपलीचं नव्हे. त्याची एक बाजू होडीला धरून होती आणि दुसरी पुष्कळ दिवस खाऱ्या पाण्यात होती. डांबर ओमानमधलंही नव्हतं, ते मेसोपोटेमियाकडून, म्हणजे आजच्या इराककडून आलेलं. एवढ्या लांबून आणलेली वस्तू कोणी टाकून देत नाही. होडी मोडली की डांबर खरवडून ठेवायचं, पुन्हा वितळवायचं आणि नव्या होडीला लावायचं, अशीच रीत असणार.

मेसोपोटेमियातल्या सुमेरी आणि अक्कडी लेखांत ज्या देशाला मगन म्हटलं आहे, तो म्हणजे आजचा ओमान आणि त्याला लागून असलेला संयुक्त अरब अमिरातींचा भाग. इ.स.पू. २३०० च्या सुमारास राजा सारगॉननं अभिमानानं कोरून ठेवलं की मेलुह्हा, मगन आणि दिलमुनची जहाजं अक्कडच्या धक्क्याला लागतात. मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, दिलमुन म्हणजे बहारीन. लगाशचा राजा गुडेआ यानं आपल्या पुतळ्यांसाठी काळा डायोराइट दगड मगनहून आणवला. उर शहरात लू-एनलिला नावाचा एक व्यापारी होता. देवळाच्या कोठारातून लोकर, कपडे, तिळाचं तेल आणि कातडी उचलायची आणि मगनला नेऊन त्यावर तांबं आणायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या व्यवहाराच्या मातीच्या पाट्या शिल्लक आहेत. हजर डोंगरातलं तांबं हीच मगनची श्रीमंती होती.

आपल्या बाजूचा पुरावाही रास अल-जिन्झलाच मिळाला. काळा मुलामा दिलेले सिंधू संस्कृतीचे मोठे साठवणीचे रांजण, हस्तिदंती फणी, सिंधू लिपीसारख्या खुणांचा तांब्याचा शिक्का. हे सगळं समुद्रावरूनच आलं असणार. पुढे तीन हजार वर्षांनीही ही वाट वाहतीच होती. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी आपल्या चौलला, त्याच्या शब्दांत सैमूरला, येऊन गेला. तिथे राहणाऱ्या परदेशी मुसलमानांमध्ये सिराफ, बसरा आणि बगदादच्या लोकांबरोबर त्यानं ओमानच्या लोकांचाही उल्लेख केला आहे. चौलच्या खाडीत ओमानी माणसं स्थायिक झाली, त्यामागे हा सगळा जुना रस्ता होता.

नेमका प्रश्न

व्यापार झाला हे पाट्या सांगतात, रांजण सांगतात. पण कशातून झाला? कांस्ययुगातलं ओमानचं अख्खं जहाज कुठेही सापडलेलं नाही. सापडली ती त्याची साल, तीही तुकड्या-तुकड्यांनी. त्या सालीवरून आतलं शरीर उभं करायचं आणि ते हजार किलोमीटर समुद्र पार करतं का ते बघायचं, हा प्रयोगाचा विषय होता. नियम एकच: त्या काळात जे मिळत होतं त्यातूनच बांधायचं.

इथे आणखी एक अडचण होती आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. हे काम शिकवणारा कोणी जिवंत नव्हता.

शेजारची दोन उदाहरणं पाहिली की हे कळतं. १९८० साली याच सूरमध्ये 'सोहार' नावाचं जहाज बांधलं गेलं. खिळा न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून. ते नोव्हेंबर १९८० मध्ये ओमानहून निघालं आणि १९८१ मध्ये चीनच्या कँटनला पोचलं. आज ते मस्कतजवळ अल बुस्तानच्या चौकात उभं आहे. त्या जहाजाचे टाके घालायला लक्षद्वीपचे कारागीर आणले होते, कारण त्यांच्याकडे होडी शिवायची विद्या अजून चालू होती. दुसरं उदाहरण नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल यांच्या 'टायग्रिस'चं. १९७७ साली इराकमध्ये कुर्ना इथे दलदलीतल्या बोरूची १८ मीटरची बोट बांधली गेली. ती ओमान आणि पाकिस्तान करत मार्च १९७८ अखेर जिबुतीला पोचली आणि तिथे युद्धांच्या निषेधार्थ जाळण्यात आली. तिच्या जुड्या आवळायला थेट दक्षिण अमेरिकेतून, टिटिकाका सरोवराकाठचे आयमारा लोक बोलावले होते.

म्हणजे शिवणारे हात होते, जुडी आवळणारे हात होते. पण बोरूचा पोकळ सांगाडा बांधून, वर डांबर चोपडून तो भर समुद्रात नेणारे हात कुठेच उरले नव्हते. इराकच्या दलदलीत डांबर लावलेल्या बोरूच्या छोट्या होड्या विसाव्या शतकापर्यंत वापरात होत्या, पण त्या स्थिर, गोड्या पाण्यातल्या. लाटेवर डांबर कसं वागतं हे त्या होड्यांना कधी बघावंच लागलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बोरू की फळी. रास अल-जिन्झच्या काही तुकड्यांवर बोरूचे नव्हे, तर दोरानं बांधलेल्या लाकडी फळ्यांचे ठसे आहेत. म्हणजे त्या काळी दोन्ही प्रकारच्या होड्या असाव्यात. फळी निवडली असती तर शिवणकामाची जिवंत परंपरा हाताशी होती आणि धोकाही कमी होता. प्रयोगकर्त्यांनी बोरू निवडला. मला हा निर्णय बरोबर वाटतो. फळी शिवून समुद्र ओलांडता येतो हे 'सोहार'नं पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. जे माहीत नव्हतं ते बोरूबद्दलच.

दुसरा पर्याय भरीव की पोकळ, आणि सगळं प्रकरण इथेच फिरतं. 'टायग्रिस' म्हणजे मूळ कल्पनेत तराफा होता. बोरूच्या जाड, भरीव जुड्या स्वतःच्या हलकेपणावर तरंगतात. त्यांच्यातून पाणी आलं-गेलं तरी चालतं, म्हणून तिला डांबर लावलंच नव्हतं. डांबराच्या तुकड्यांवरून मात्र वेगळीच होडी दिसत होती: बोरूची भिंत, वर चटई, त्यावर डांबराचा लेप आणि आत मोकळी जागा. ही होडी तरंगते ती बोरूमुळे नाही, तर आत पाणी नसल्यामुळे. तांब्याचे गोळे, डायोराइटचे दगड असा जड माल न्यायचा तर अशी पोकळी लागतेच. पण तराफ्याला भेग पडली तर काही बिघडत नाही आणि पोकळ होडीला पडली तर सगळंच बिघडतं. पुरावा पोकळ होडीकडे बोट दाखवत होता आणि प्रयोगकर्त्यांनी पुराव्याचं ऐकलं.

तिसरा पर्याय मार्गाचा. किनारा धरून होर्मुझच्या बाजूनं, मकरानच्या कडेकडेनं जाता आलं असतं. प्रत्येक मुक्कामी बोट वाळूवर ओढून लेप तपासता आला असता. दुसरी वाट सरळ समुद्र ओलांडायची, सूरहून कच्छमधल्या मांडवीला. निवडली गेली ती सरळ वाट. मांडवी निवडण्यात औचित्य होतं, कारण जहाजबांधणी तिथे आजही चालते आणि कच्छचे भाटिया व्यापारी मस्कतमध्ये पिढ्यान् पिढ्या आहेत.

चौथा प्रश्न वेळेचा होता आणि तो सोपा सुटला. नैऋत्य मोसमी वाऱ्याचा जोर ओसरत आला की तोच वारा शिडाला ईशान्येकडे, भारताकडे ढकलतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी दर्यावर उतरतात, ते याच बदलाचा अंदाज घेऊन. म्हणून सप्टेंबर ठरला.

आणि एक सोबतीच्या जहाजाचा निर्णय. पुरातन साधनांनीच जायचं, या हट्टापायी आधुनिक जहाजाची सोबत नाकारावी असं कुणाला वाटणं शक्य होतं. ती नाकारली नाही. ओमानच्या नौदलाचं जहाज बरोबर राहील असं ठरलं.

काय केलं

आधी संगणकावर आराखडे झाले: बोट किती भार पेलेल, कलली तर सावरेल का. उर शहराच्या तिसऱ्या राजघराण्याच्या काळातल्या मातीच्या पाट्या इथे कामी आल्या. बोट बांधायला किती बोरू, किती खजुराच्या काथ्याचा दोर, किती डांबर लागलं याच्या त्या सरकारी नोंदी. नोंदणाऱ्या कारकुनाला हिशेब चुकू द्यायचा नव्हता, एवढंच. चार हजार वर्षांनी त्याच्या हिशेबावरून बोटीचं आकारमान काढता आलं. मला या पाट्यांचं फार अप्रूप वाटतं. जहाज गेलं, बंदर गेलं, पण सामानाची यादी राहिली आणि त्या यादीतून जहाज पुन्हा उभं राहायला लागलं.

मग छोटा नमुना बांधून पाहिला. त्यानंतर सूरमध्ये १२ मीटरची मोठी बोट उभी राहिली. बोरू सोलून जुड्या करायच्या, दोरानं आवळायच्या, जुडीला जुडी जोडत बाक घ्यायचा, चटई घालायची आणि गरम डांबराचा लेप द्यायचा.

डांबर हा पदार्थ नाजूक असतो. नुसतं लावलं तर उन्हात वाहतं आणि थंडाव्यात तडकतं. म्हणून त्यात भुगा, चिरलेलं गवत, चरबी असं काही ना काही मिसळावं लागतं. रास अल-जिन्झच्या डांबरातही असं मिश्रण दिसतं. प्रमाण नेमकं किती, केव्हा थांबायचं, लेप किती बोटं जाड, हे सगळं कारागिराच्या मनगटात असतं. आमच्याकडे राळ आणि तेल कढवणारा म्हातारा काठीवरचा थेंब बोटांत ओढून पाही आणि 'आता उतरवा' म्हणे. ते 'आता' कुठल्याही तुकड्यावर उमटत नाही.

आठ जणांचा ताफा ठरला, त्यात वेगवेगळ्या देशांची माणसं होती. खायला खजूर, सुकी मासळी, कडधान्यं, मध. दिशा बघायची ती सूर्य आणि ताऱ्यांवर.

काय झालं

७ सप्टेंबर २००५. आपल्याकडे त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. सूरच्या लोकांनी बोटीला समारंभानं निरोप दिला. शतकानुशतकं जहाजं बांधून समुद्रात सोडलेलं हे गाव, त्यामुळे त्या निरोपाला वजन होतं.

काही तासांतच बोटीत पाणी शिरू लागलं आणि ते थांबलं नाही. किनाऱ्यापासून काही मैलांवर ती बुडाली. सोबतच्या नौदलाच्या जहाजानं आठही जणांना सुखरूप उचललं. मांडवी हजार किलोमीटर पुढे राहिली.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

बोट बुडाली म्हणून मगनचे लोक असल्या बोटीतून जात नसत, असा निष्कर्ष काढणाऱ्यांची मला घाई वाटते. बार्नॅकल खोटं बोलत नाहीत. ते तुकडे समुद्रात होते आणि पुष्कळ दिवस होते. जे त्यांना जमत होतं ते आपल्याला पहिल्या फेरीत जमलं नाही, एवढंच २००५ नं सिद्ध केलं.

माझं वाचन असं आहे. लाकडी गलबत लाटेवर फार वाकत नाही. बोरूचं अंग वाकतं, पीळ खातं, सैल होतं, पुन्हा आवळतं. वर चिकटलेला डांबराचा लेप तेवढा वाकू शकत नाही. अशा दोन पदार्थांचं जोडपं बंदरात गुण्यागोविंदानं नांदतं. त्यांची परीक्षा होते ती लाटेची लय लागल्यावर. लेपाला केसाएवढी चीर पडली की बोरू पाणी शोषतो, जड होतो, बोट खाली बसते, काठ पाण्याजवळ येतो आणि मग वरूनही पाणी येऊ लागतं. ही साखळी एकदा सुरू झाली की भर समुद्रात तोडता येत नाही. वाळूवर मात्र तोडता येते: बोट ओढायची, चीर शोधायची, डांबर तापवायचं.

म्हणून माझ्या मते सगळ्यांत महागात पडला तो मार्गाचा निर्णय. सूर ते रास अल-हद्द हा टप्पा आधी करून बघता आला असता. मग मस्कतपर्यंत, मग सोहार शहरापर्यंत. प्रत्येक ठिकाणी दोन-चार दिवस थांबून दुरुस्ती. एका हंगामाऐवजी तीन हंगाम गेले असते आणि वर्तमानपत्रांना सांगण्यासारखं फारसं काही घडलं नसतं. पण प्राचीन काळचा खलाशीही बहुधा असाच गेला असेल. रास अल-जिन्झच्या खोल्यांत साठवलेलं डांबर हेच सांगतं की दुरुस्ती हा त्यांच्या प्रवासाचा रोजचा भाग होता. पुराव्यातून प्रयोगकर्त्यांनी बोटीचा आकार नेमका वाचला. त्याच पुराव्यात बोटीची निगाही लिहिलेली होती, ती मागे राहिली.

यावर उलट बाजू अशी की किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं तर इराण आणि पाकिस्तान अशा दोन देशांच्या हद्दींतून जावं लागतं. परवाने, सुरक्षा, दर बंदरावर चौकशी. इ.स.पू. २३०० मध्ये हा त्रास नव्हता. तरीही निदान ओमानच्या किनाऱ्यावरचे टप्पे स्वतःच्या हातात होते.

सोबतीच्या जहाजाचा निर्णय मात्र शंभर टक्के बरोबर ठरला. आठ माणसं घरी गेली. जे कळलं ते सांगायला तीच माणसं हयात राहिली.

पुढे

शिवलेल्या जहाजांची वाट सरळ गेली. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं होतं, चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेलं आणि शिवलेलं. त्यावरून मस्कतजवळच्या कंतब गावी 'ज्वेल ऑफ मस्कत' बांधलं गेलं. टाके घालणाऱ्यांत केरळचे कारागीर होते. फेब्रुवारी २०१० मध्ये निघून, कोची आणि गॉल करत ते जुलै २०१० मध्ये सिंगापूरला लागलं. वाटेत डोलकाठ्यांना तडे गेले, तेव्हा श्रीलंकेत नवीन लाकूड तोडून त्या बदलल्या. टप्प्याटप्प्यानं जाण्याचा फायदा इथे डोळ्यांसमोर दिसतो.

बोरूची बोट थांबली ती जवळजवळ वीस वर्षं. २०२४ मध्ये अबू धाबीत झायेद राष्ट्रीय संग्रहालयानं दोन विद्यापीठांच्या साथीनं पुन्हा मगनची बोट बांधली. या वेळी १८ मीटरची. १५ टन बोरू लागला. तो भिजवला, पानं काढली, ठेचला, खजुराच्या दोरानं जुड्या बांधल्या आणि लाकडी सांगाड्यावर बसवल्या. वर डांबर, शीड बकऱ्याच्या केसांचं. इ.स.पू. २१०० च्या सुमाराची कारकुनाची यादी इथेही समोर होती. बोट दोन दिवसांत ५० सागरी मैल चालली आणि ५.६ नॉटपर्यंत, म्हणजे तासाला ५.६ सागरी मैलांपर्यंत वेग घेतला. बुडाली नाही.

अरबी आखातातलं उथळ पाणी आणि सूरसमोरचा उघडा समुद्र यांत फरक आहे, आणि ५० मैल म्हणजे मांडवी नव्हे. तरी लेप टिकला. त्या बोटीवर कप्पी नव्हती, कारण त्या काळी कप्पी नव्हतीच. केसांचं ते जड शीड वर चढवायला वीसहून अधिक माणसं लागली. बोरू किती ठेचायचा, दोर किती आवळायचा, डांबर कधी उतरवायचं, हे आता त्या कामात राबलेल्या हातांना ठाऊक झालं आहे. २००५ साली सूरला असा एकही हात नव्हता.